नलिनीची दहा मिनिटं

डोळे मिटायची गरज नाही, उघडे ठेवूनच कल्पना कर. एक बंद दार आहे. आतल्या बाजूला तू आहेस, बाहेर तुझा जुना मित्र. तुम्ही एकमेकांना पाहू शकत नाही, आवाजही नीट ओळखू येत नाही, म्हणून तुम्ही एक परवलीचा शब्द ठरवला आहे. बाहेरून तो शब्द आला की दार उघडायचं, निरोप आत घ्यायचा. नाही आला तर उघडायचं नाही, बाहेरचा कितीही विनवू दे. आता एकच शब्द वर्षानुवर्षं वापरला तर कधीतरी तो चोराच्या कानावर जाणारच. म्हणून तुम्ही दोघं आधीच ठरवून ठेवता, अमुक तारखेला, अमुक वाजता जुना शब्द संपेल आणि नवा सुरू होईल. दोघांच्या खिशात तीच चिठ्ठी आहे. घड्याळ मात्र ज्याचं त्याचं. इथे जरा थांब आणि विचार कर, या सगळ्यात भीती कुठे बसली असेल. घाई नाही. काशिनाथांना ती सापडायला आठ वर्षं लागली, आणि सापडली तेव्हा त्यांच्या हातात अर्धा तास उरला होता.

भोपाळच्या सोनागिरी भागातल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या घरात दुपारी दोघंच होती, काशिनाथ आणि त्यांची नऊ वर्षांची नात शमिका. तिचे बाबा, निनाद, बदलीवर नागपूरला होते आणि आई, मंजूषा, कामावर, काशिनाथांच्याच जुन्या ऑफिसात. शाळा सकाळची असल्यामुळे दुपार आजोबांच्या वाट्याची. जेवताना शमिकाने विचारलं होतं, "आई आज ऑफिसमध्ये किल्ल्या बदलणार आहे ना? पण तिथे कुलूप तर कुठेच नाही." काशिनाथांना बरं वाटलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी पाणीपुरवठ्याच्या त्या कंट्रोल रूमबद्दल कुणी काही विचारलं की त्यांच्या पाठीचा कणा ताठ होई. त्यांनी तिला समजावलं की मंडीदीपच्या पुढे एक पंपघर आहे, तिथून शहराच्या अर्ध्या भागाला पाणी चढतं. पंप चालू कर, बंद कर, हे हुकूम शहरातल्या कंट्रोल रूममधून जातात. आणि हे हुकूम पुढे नेणाऱ्या ज्या पेट्या असतात, त्यांना राउटर म्हणतात. प्रत्येक राउटर शेजारच्या राउटरला आधी परवलीचा शब्द विचारतो, मगच त्याचं ऐकतो. त्या शब्दालाच ऑफिसात किल्ली म्हणतात. सांगून तिला कळल्यासारखं दिसेना, तेव्हा त्यांनी खेळ मांडला. शमिका स्वयंपाकघरात, म्हणजे पंपघर. आजोबा गॅलरीत खुर्चीवर, म्हणजे कंट्रोल रूम. मधलं दार बंद. जुना शब्द 'पोहा', नवा शब्द 'जलेबी', दोन्ही तिनेच निवडलेले. साडेतीनला शब्द बदलायचा. तिने दारावर थाप मारायची, शब्द सांगायचा, आजोबांनी दार उघडून तिला एक शेंगदाणा द्यायचा. पोहा, शेंगदाणा. पोहा, शेंगदाणा. मग थाप पडली आणि आतून आवाज आला, "जलेबी!" काशिनाथांनी मांडीवरचा मोबाईल पाहिला आणि जाड आवाजात म्हणाले, "कोण जलेबी? आम्ही नाही ओळखत. परत जा." आतून दारावर लाथ बसली. "आजोबा, चीटिंग! साढ़े तीन बज गए! हॉलमध्ये येऊन बघा!" "अगं, माझ्याकडे तीन वीस झालेत," ते हसत म्हणाले, आणि ते हसू तोंडावरून उतरायच्या आधीच त्यांनी मोबाईल पुन्हा पाहिला.

ते उठून हॉलमध्ये गेले. भिंतीवरचं घड्याळ साडेतीन दाखवत होतं. त्यात नवीन काहीच नव्हतं. ते घड्याळ बावीस वर्षं दहा मिनिटं पुढेच होतं. त्यांच्या पत्नीने, नलिनीने, ठेवलं होतं तसं. तिच्या वडिलांचं अकोल्याला जास्त झालं तेव्हा हे दोघं हबीबगंज स्टेशनवर धावत पोचले आणि गाडीचा शेवटचा डबा फलाट सोडून जाताना त्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेले तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. परत आल्यावर नलिनीने पदर खोचला. तिने स्टूल घेतलं, हॉलचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं, मग स्वयंपाकघरातलं, मग उशाशी असलेलं गजराचं, आणि शेवटी त्यांचा हात हातात घेऊन त्यांच्या मनगटावरचंही. तेव्हापासून घरातले सगळे मनातल्या मनात दहा वजा करत आले. वजा करणं इतकं मुरलं की तो हिशेब आहे हेच कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पाहुणे आले की हसायचे, "तुमच्याकडे भोपाळच्या आधी दिवस उजाडतो." तीन वर्षांपूर्वी नलिनी गेली, पण घड्याळं तिच्या वेळेवरच राहिली, आणि त्यांना हात लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही. काशिनाथ त्या काट्यांकडे पाहत उभे राहिले. त्यांच्या डाव्या मनगटावर तेच जुनं घड्याळ होतं. त्यातही साडेतीन. आणि याच मनगटावरून, आठ वर्षांपूर्वी, मंडीदीपच्या पुढच्या पंपघरातल्या राउटरला त्यांनी वेळ दिली होती.

दिली होती हे नक्की. तेव्हा त्या पेटीला वरून आपोआप वेळ मिळायची सोय नव्हती, हातानेच द्यावी लागे, आणि पुढेही कुणी ती सोय केली नाही, कारण कधी अडलं नाही. त्यांचा सहायक अच्युत जमिनीवर मांडी घालून लॅपटॉपवर बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं होतं, "सर, टाइम?" आणि त्यांनी मनगट पाहून सांगितलं होतं. पण वजा करून सांगितलं की न करता? हे आठवेना. अच्युतची वाकलेली मान आठवली, त्याच्या शर्टाच्या कॉलरवरची शाईची रेघ आठवली, लोखंडी कपाटाचा गंजाचा वास आठवला, आणि वजा करतानाचा तो क्षण मात्र सापडेना. सापडणार कसा, त्यांनी स्वतःला समजावलं, श्वास घेतलेला कधी आठवतो का कुणाला. वजा केलंच असणार. चौदा वर्षं रोज केलं, ते त्याच दिवशी कसं चुकेल. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. शमिका दारात उभी राहून शेंगदाणे खात त्यांच्याकडे बघत होती. "आजोबा, खेळायचं ना?" "हो, थांब जरा."  

काल संध्याकाळचं बोलणं आता शब्दाशब्दाने परत येत होतं. मंजूषा चहाचा कप घेऊन त्यांच्या शेजारी बसली होती. किल्ल्या बदलण्याचं पूर्ण वेळापत्रक पहिल्यांदाच तिच्या हातात आलं होतं, आणि ती वहीत रेघा मारून त्यांना दाखवत होती. "बाबा, तुम्ही दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा तास सूट ठेवायचात. नवा शब्द अर्धा तास आधीपासून चालेल, जुना अर्धा तास नंतरही चालेल. आता तपासणीवाले म्हणतात, फार झालं, पाच मिनिटांवर आणा. पाच पुरतील का? सगळी घड्याळं जुळलेली हवीत." "पुरतील की." "बाकीची मी बघितली. तेवढं मंडीदीपच्या पुढचं राहिलंय. आत जाऊन बघू का एकदा?" आणि काशिनाथ हसून म्हणाले होते, "बघ बाई, बघ. सासऱ्याने लावलेलं घड्याळ सुनेने तपासायचं, एवढंच राहिलं होतं." ती थट्टाच होती. मंजूषाही हसली होती, "अहो बाबा, तसं नाही," म्हणाली होती, आणि वहीत त्या ओळीपुढे तिने बरोबरची खूण केली होती. तो पेन कागदावर टेकल्याचा बारीक आवाज त्यांना आता ऐकू आला. त्यांच्या एका थट्टेवर ती खूण उभी होती. परक्या माणसाने लावलेलं घड्याळ असतं तर तिने दहा वेळा तपासलं असतं.

आणि पिंटू. पिंटू पंपघरावरचा मदतनीस, गावाकडून येताना शमिकासाठी सीताफळं आणणारा, जिन्यातूनच ओरडणारा, "शम्मी बिटिया, बीज मत निगलना, पेट में पेड़ उगेगा!" पंपाखाली पाण्याचा हौद आहे, त्याच्या तळाशी जाळी. जाळीत शेवाळ आणि प्लास्टिक अडकतं, ते काढायला माणसाला लोखंडी शिडीने खाली उतरावं लागतं, आणि पंप सुरू झाला तर त्या ओढीपुढे माणूस म्हणजे काडी. आज पंप तीन ते साडेचार बंद होता. त्याच बंदात जाळीही साफ होणार होती आणि चारला किल्लीही बदलणार होती. मंजूषा काळजी घेणारी बाई. ती म्हणाली होती, "तीन पंचावन्नला पिंटूला वर घेते, मग चारला किल्ली बदलू दे. सूट पाचची आहे, काही होणार नाही, पण उगाच कशाला." बरोबरच होतं. तिच्या घड्याळात सगळं बरोबर होतं. पण पंपघराची पेटी दहा मिनिटं पुढे असेल, तर त्या पेटीच्या चार वाजता खरे तीन पन्नास वाजलेले असणार. पेटी नवा शब्द बोलायला लागेल, आणि कंट्रोल रूम तो शब्द तीन पंचावन्नपर्यंत ओळखणारच नाही. कोण जलेबी? परत जा. बोलणं तुटेल. आणि बोलणं तुटलं की काय होतं, हे काशिनाथांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं! एका मे महिन्यात संपर्क तुटून पंप रात्रभर बंद राहिला होता, करोंदकडच्या बायका सकाळी रिकामे हंडे घेऊन ऑफिसच्या फाटकात येऊन बसल्या होत्या. त्यानंतर त्यांनीच नियम घातला होता, कंट्रोल रूमचा आवाज दोन मिनिटं आला नाही तर पंपाने आपला आपण सुरू व्हावं. त्या नियमाबद्दल त्यांचं कौतुक झालं होतं. खरं तर माणूस उतरण्याआधी मेन स्विच काढून ठेवायचा असतो, पण तो काढला की पंप पुन्हा वेगात यायला पाऊण तास जातो, म्हणून सगळे फोनवर विचारून उतरतात. "बंद है ना?" "बंद है, उतर जा." त्यांच्या काळातही तसंच चालायचं. त्यांनीही चालू दिलं होतं.

भिंतीवर तीन बेचाळीस. म्हणजे खरे तीन बत्तीस. त्यांनी वजाबाकी बोटांवर केली, मग पुन्हा केली, कारण आता वजाबाकीवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की वजा करायची गरजच नाही. ती पेटी आणि हे घड्याळ एकाच वेळेत जगत असतील. या भिंतीवर चार वाजतील त्या क्षणी तिथे शब्द बदलेल, आणि चार वाजून दोन मिनिटांनी पंप फिरेल. असतील तर. सगळं त्या 'तर'वर होतं. नसतील, आणि त्यांनी उगाच फोन केला, तर मंजूषाला पहिलंच वेळापत्रक थांबवावं लागेल, साहेब विचारतील का, ती सांगेल, सासऱ्यांना शंका आली. ऑफिसातले हसतील. म्हातारं घरात बसून घड्याळं मोजतं. त्यांच्या सहीचा कागद कुठेतरी फायलीत असेल, 'वेळ तपासली', खाली काशिनाथ, ठसठशीत. तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही मेमो नाही, हे ते किती वेळा किती जणांना सांगत आले होते.  ते स्वतःलाच म्हणाले, आठव. नीट आठव. त्या दिवशी काय झालं?

त्या दिवशी नलिनीचा फोन आला होता. ही आठवण ते नेहमी बाजूला ठेवत, आणि तिच्याआड जे उभं होतं तेही त्यामुळे बाजूलाच राहिलं होतं. ती तपासणीचा निकाल आणायला एकटीच गेली होती, आणि तिने पंपघराच्या लँडलाइनवर फोन केला होता. आवाज अगदी साधा, भाजी काय आणू विचारावं तसा. "ऐकलं का, डॉक्टर म्हणतात, गाठ साधी नाही." ते "बरं" म्हणाले होते. एवढंच. बरं. मग फोन खाली ठेवला, आणि पाठमोरा अच्युत म्हणाला, "सर, टाइम?" आणि काशिनाथांना आता, आठ वर्षांनी, त्या खोलीतला आणखी एक आवाज ऐकू आला. लांबून, औद्योगिक वसाहतीकडून, कारखान्याचा भोंगा. साडेतीनच्या पाळीचा भोंगा, रोजचा, सेकंदाचीही चूक नसलेला. तो वाजत होता, खिडकीची काच बारीक थरथरत होती, आणि ते मनगटाकडे पाहत म्हणत होते, "तीन चाळीस." अच्युतने टाइप केलं होतं. तीन चाळीस. भोंगा साडेतीनचा. त्यांनी वजा केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्यात काहीही वजा करण्याइतकी शक्ती उरलेली नव्हती. गेली आठ वर्षं ती पेटी नलिनीच्या दहा मिनिटांवर चालत होती, आणि त्यांच्या अर्ध्या तासाच्या सवलतीत ती चूक बुडून जात होती, कुणाला न दिसता. काल ते पाणी आटवून पाच मिनिटांवर आणलं गेलं, त्यांच्याच होकाराने.

त्यांनी फोन उचलला. भिंतीवर तीन एकोणपन्नास. नंबर लावला, घंटा वाजली, आणि मंजूषाचा आवाज आला, घाईतला, मागे दोनतीन माणसांची बोलणी. "बाबा? बोला पटकन, सगळे आहेत इथे." सगळे आहेत. त्यांना ती खोली दिसली, ती माणसं, त्यांच्या हाताखाली वाढलेली, आता साहेब झालेली. 'काशिनाथ सरांची सून' म्हणून तिला खुर्ची देणारी. वाक्य तोंडात तयार होतं, माझं घड्याळ चुकीचं होतं, चारच शब्द, आणि ते जिभेवरून पुढे सरकेनात. "बाबा?" "काही नाही," ते म्हणाले, "येताना कोथिंबीर आण." पलीकडे तिचं हसणं, "आणते. ठेवू?" आणि फोन बंद झाला. काशिनाथ हातातल्या फोनकडे पाहत राहिले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं होतं, पण ते दुसऱ्या कुणीतरी बोलल्यासारखं वाटत होतं.  चौऱ्याऐंशीची ती विषारी वायूची रात्र पाहिलेल्या या शहरात वेळेवर न सांगितलेल्या एका गोष्टीचं काय होतं, हे त्यांच्या वयाच्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सांगणारे तेव्हाही होतेच कुठेतरी, त्यांनाही तेव्हा असंच काहीतरी वाटलं असेल, आधी खात्री करू, सगळे काय म्हणतील. त्यांनी पुन्हा नंबर लावायचा ठरवला. अंगठा काचेवर आला आणि तिथेच थांबला. भिंतीवर तीन त्रेपन्न.

"आजोबा, तुम्हाला कोथिंबीर नको होती," शमिका म्हणाली. ती कधी जवळ येऊन बसली त्यांना कळलं नव्हतं. "फ्रिजमध्ये एवढी मोठी जुडी आहे." ते भिंतीकडेच पाहत होते. "आईचं पंपघर पण दहा मिनिटं पुढे आहे?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग उमगलं, मघापासून ते मनात नाही, तोंडाने पुटपुटत होते. तीन चाळीस, भोंगा, जलेबी, पिंटू. शिकवायची सवय. गणित नेहमी मोठ्याने सोडवायचं, म्हणजे चूक कानाला ऐकू येते, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं. "म्हणजे पंपघर जलेबी म्हणणार आणि आईचा राउटर म्हणणार, परत जा." "हो." "मग पंप चालू होणार?" "हो." "पिंटू भैया आत आहे?" काशिनाथांनी मान हलवली. ती किंचित हलली असेल नसेल. "मग तुम्ही आईला का नाही सांगितलं?" या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळ होतं, चांगलं लांबलचक होतं, त्यात तीस वर्षांची नोकरी होती, सही होती, नलिनीचा फोन होता, आणि नऊ वर्षांच्या मुलीसमोर ठेवता येईल असा त्यातला एक शब्दही नव्हता. "मला भीती वाटते," ते म्हणाले. बोलल्यावर त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नलिनीलासुद्धा नाही.

शमिकाने त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. तिला तो नंबर पाठ नव्हता, पण शेवटचा नंबर पुन्हा कसा लावायचा हे कोणत्या मुलाला येत नाही? घंटा वाजली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मंजूषा कातावूनच बोलली, "बाबा, अहो आणते म्हटलं ना..." "आई, मी बोलतेय. पिंटू भैयाला आधी वर काढ. अभी के अभी. का ते आजोबा सांगतायत." आणि तिने फोन आजोबांच्या कानाला लावला आणि तिथेच धरून ठेवला, दोन्ही हातांनी, कारण त्यांचा हात वर येत नव्हता. मग ते बोलले. "मंजूषा, पंपघराचं घड्याळ माझ्या मनगटावरून लावलंय. दहा मिनिटं पुढे आहे. तीन पन्नासला तुटेल." पलीकडे एक श्वास ओढल्याचा आवाज. तिने 'काय?' विचारलं नाही, 'नक्की का?' विचारलं नाही. त्या घरात सून म्हणून अकरा वर्षं राहिलेली ती, तिला त्या दहा मिनिटांचा अर्थ सांगावा लागला नाही. "अरविंद!" ती दुसऱ्या फोनवर ओरडली, अरविंद म्हणजे हौदाच्या काठावर दोर धरून उभा असलेला ऑपरेटर, "अरविंद, पिंटू को ऊपर लो! सामान छोड़ने दो, उसको ऊपर लो! मेन स्विच गिराओ!" मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. मग ती शांतपणे, जवळजवळ कुजबुजत म्हणाली, "बाबा, फोन ठेवू नका."

ते थांबले. शमिकाचे हात दुखत असणार, पण तिने फोन खाली घेतला नाही. त्यांना पलीकडून शब्द ऐकू येत नव्हते, फक्त माणसं आहेत एवढं ऐकू येत होतं. भिंतीवर तीन सत्तावन्न. त्यांना हौद दिसत होता. आतला गारवा, शिडीच्या तिसऱ्या दांड्यावरचा तो शेवाळाचा निसरडा पट्टा, खाली वाकलेला माणूस, आणि वरून येणारी हाक जी पाण्यावर आपटून फुटते आणि खाली पोचेपर्यंत नुसता आवाज उरतो. तीन अठ्ठावन्न. नलिनी म्हणायची, दहा मिनिटं हातात असलेली बरी. हातात नाहीत, नलिनी, या खेपेला ती सगळी पंपघराकडे गेली. चारला दोन सेकंद. चार. काहीच झालं नाही. सेकंदकाटा पुढे गेला, बाहेर भंगारवाला हाक मारत गेला, खालच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग पलीकडे फोनजवळच कुणीतरी म्हणालं, "लिंक गई." साध्या आवाजात. काशिनाथांनी डोळे मिटले. एक मिनिट. दोन. फोनमध्ये एक नवा आवाज आला, मंजूषाच्या दुसऱ्या फोनमधून या फोनमध्ये झिरपणारा, लांबचा, जाड, घरघरत चढत जाणारा, आणि तो आवाज त्यांनी अठ्ठावीस वर्षं ऐकला होता. पंप. स्विच पडला नव्हता, किंवा पाडायला कुणी पोचलं नव्हतं. तो आवाज पूर्ण वेगाला चढेपर्यंत त्यांना वाटत राहिलं की आपण खुर्चीत नाही, खाली कुठेतरी आहोत. आणि त्या घरघरीच्या वरून, हिंदीत, मोठ्याने, शिव्या देत, कुणीतरी बोलत होतं. "अरे मैडम, ये तो अपने आप चल पड़ी! मेरी एक चप्पल अंदर रह गई! नई थी!" मंजूषा हसली की रडली ते कळलं नाही. शमिकाने मात्र तो आवाज ओळखला. "पिंटू भैया," ती म्हणाली, आणि तिने फोन खाली घेतला आणि दंड चोळू लागली.

काशिनाथ बराच वेळ तसेच बसून होते.  संध्याकाळी मंजूषा येईल, काय बोलेल, की काहीच बोलणार नाही, आणि तेच जास्त जड जाईल, हे त्यांना दिसत होतं. उद्या कागद लिहावा लागेल, त्यावर आपणच सही करू, हेही त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर भीती गेली नाही, फक्त तिला बसायला एक जागा मिळाली. त्यांनी वर पाहिलं. घड्याळ तसंच, दहा मिनिटं पुढे, निवांत चाललं होतं. ते खाली काढावं, काटे मागे करावेत, आत्ताच्या आत्ता, असं त्यांना वाटलं, आणि लगेच त्या स्टुलावर उभी असलेली नलिनी दिसली, अकोल्याहून परतलेली, पदर खोचलेला, तोंडातून एक शब्द न काढता काटे फिरवणारी. त्यांना ते जमलं नसतं.

शमिकाने तेच स्टूल ओढत आणलं. काशिनाथ म्हणाले, "सांभाळून," आणि त्यांना वाटलं, आता ही घड्याळ मागे करणार. पण ती आधी दप्तराकडे गेली. वहीतलं एक पान फाडलं, जाड स्केचपेनने बराच वेळ काहीतरी लिहिलं, जीभ बाहेर काढून. मग स्टुलावर चढली, काट्यांना हात न लावता घड्याळाच्या खाली ते पान चिकटपट्टीने लावलं, आणि कोपरा सुटत होता म्हणून तो तळहाताने दाबून धरला. लिहिलं होतं, "हे आजीचं घड्याळ आहे. दहा वजा करा." मग ती खाली उतरली, त्यांचं डावं मनगट आपल्या मांडीवर घेतलं, आणि त्यावरच्या घड्याळासाठी कागदाची लहान पट्टी कापायला बसली.